पोच येऊ द्या, मग ठरवू

पदवी या विषयावर आमच्या दाजींइतकी माहिती असलेला माणूस औंढ्यापासून सेनगावापर्यंत दुसरा नव्हता, आणि दाजींकडे पदवी नव्हती. कोणत्या विद्यापीठाचा अर्ज कधी निघतो, बाहेरून परीक्षा देणाऱ्याला कोणते विषय मिळतात, इतिहासात किती सोडवलं की माणूस पास होतो, अर्थशास्त्रात पोरं नेमकी कुठे अडकतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. एखादा प्राध्यापक त्यांच्याशी बोलायला बसला तर उठताना आपली स्वतःची पदवी बरोबर आहे ना, अशी शंका घेऊन उठायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. शिरड शहापूरच्या अलीकडे आत फुटणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं गाव आहे, तिथे ते पोस्टमास्तर होते. पोस्ट म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक वजनकाटा, शिक्का, शाईची गादी आणि बाहेर भिंतीला टांगलेली लाल पेटी. बारावीनंतर त्यांनी हिंगोलीच्या कॉलेजात काही महिने काढले होते. तेवढ्यात वडील गेले, शेत अंगावर आलं, पुढे पोस्ट आलं, आणि बी. ए. पहिल्याच वर्षात राहून गेलं. ते पुरं करावं की करू नये, हा विचार त्यांनी सुरू केला तेव्हा मी हाफपँटीत होतो. मी शिकलो, बी. एड. झालो, हिंगोलीत एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. हिंगोली परभणीतून फुटून स्वतंत्र जिल्हा झाला. दाजींचा विचार चालूच होता.

या विचारासाठी त्यांनी एक दोनशे पानी वही केली होती. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ, डाव्या बाजूला 'करावी', उजव्या बाजूला 'करू नये'. 'करावी'च्या खाली लिहिलेलं असायचं, 'पदवीधर मतदारसंघात मत देता येईल.' त्याच्यासमोर 'करू नये'च्या खाली, 'गावात पदवीधर मतदार एकच झाल्यास मत कोणाला दिले ते सर्वांस समजेल.' डावीकडे 'वडिलांची इच्छा'. उजवीकडे 'वडिलांनी तसे स्पष्ट म्हटले नव्हते.' एकदा उजव्या बाजूला एकच ओळ होती. 'परीक्षेच्या हॉलमध्ये पोरे काका म्हणतील.' मी ती वाचून हसलो तर दाजी गंभीरपणे म्हणाले, "हसू नका मास्तर. पेपर लिहिताना मागून एखादं पोरगं 'काका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दाखवा' म्हणलं, तर काय करावं माणसानं? दाखवावं का न दाखवावं?" मला वाटतं, त्या दिवशी वहीत आणखी दोन पानं भरली असतील.

ठरवणं ही क्रियाच त्यांच्या अंगाला मानवत नव्हती. औंढ्याला चप्पल घ्यायला गेले की तीन दुकानांतल्या तीन चपला पायात घालून पाहायचे आणि जुनीच घालून परत यायचे. फाट्यावर एसटी आली की मागून जीप येत असेल म्हणून थांबायचे, आणि जीप आली की ती भरलेली आहे म्हणून एसटी आठवायची. आक्काला पाहून गेल्यावर त्यांच्याकडून दोन महिने उत्तर नव्हतं. आमच्या वडिलांनी दुसरीकडे बोलणी सुरू करायचं ठरवलं, त्याच आठवड्यात पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात आला. दोन्ही गावांत चालत तासाभराचं अंतर. आत एकच वाक्य होतं, 'मुलगी पसंत आहे, कळावे.' सोबत पोचपावतीचं कार्ड जोडलेलं. वडिलांनी त्याच्यावर सही केली आणि म्हणाले, "पोरगं येडं हाय, पण कागदाला पक्कं हाय." ते कार्ड दाजींनी पुढे कायम जपून ठेवलं. पोच या गोष्टीवर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा होती. पाठवलेली वस्तू समोरच्याच्या हातात पडली आणि त्याने सही केली, की ती घटना जगात खरी झाली. तोवर नाही.

पण हा माणूस दुसऱ्याच्या बाबतीत मात्र निराळाच होता. नव्वदच्या दशकात बाहेरून शिकणाऱ्यांचे धडे खाकी कागदात बांधून पोस्टाने यायचे. दाजी ते गठ्ठे नुसते पोचवत नसत, अभ्यास झाला का म्हणून विचारतही असत. जवळच्या तांड्यावर एक सून होती, बारावी होऊन आलेली. ती मनीऑर्डर घ्यायला आली तेव्हा तिची सही पाहून दाजी म्हणाले, "बाई, एवढं वळणदार अक्षर घेऊन तू नुसती कापूस वेचून राहिली?" तिथल्या तिथे त्यांनी ट्रंकेतून अर्ज काढला, स्वतः भरला, तिच्या सासऱ्याला बोलावून समजावलं आणि त्याच दिवशीच्या टपालाच्या थैलीत टाकला. एका सकाळीत. पुढची तीन वर्षं ती बाई विहिरीवरून येता-जाता खिडकीतून विचारायची, "पोस्टमास्तर, माजं पुस्तक आलं का?" ती बी. ए. झाली, नंतर अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाली, आणि पेढे घेऊन आली तेव्हा दाजींनी पेढा खायच्या आधी निकालपत्र उजेडात धरून शिक्का तपासला.

अशा गोष्टी मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत सांगायचो. दाजींची नक्कल मला चांगली जमायची. दर सुट्टीत एक नवीन किस्सा मिळायचा, आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जायचो.

त्यांना एकच लेक, रेणुका. घरात तिला रेणू म्हणत, आणि मी विज्ञानाचा मास्तर असल्यामुळे मला ते नाव दुहेरी आवडायचं. बापाला ती आण्णा म्हणायची, पण स्वभावाने बापासारखी नव्हती. मनात आलं की केलं, अशी. अकरावी-बारावीला सायन्स घेऊन ती जीपने औंढ्याला जायची, धुळीने लाल होऊन परत यायची आणि आल्या आल्या आईला सांगायची की आज निळ्याचं हिरवं झालं. रसायनशास्त्र हा तिचा जीव की प्राण होता. सुट्टीत हिंगोलीला आली की माझ्याकडून शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली मागून घ्यायची आणि तिथल्या बाटल्यांची बुचं काढून वास घेत बसायची. मी ओरडलो की म्हणायची, "मामा, नुसतं नाव वाचून कसं समजतं?"

तिची बारावी झाली तेव्हा दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मार्क चांगले पडले. हिंगोलीला बी. एस्सी. करायचं, आमच्याकडे राहायचं, असं तिने आणि माझ्या बायकोने परस्पर ठरवूनसुद्धा टाकलं. मी कॉलेजातून अर्ज आणून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. दाजींचं एवढंच म्हणणं होतं की, "मुदत हाय अजून. जरा विचार करू."

त्याच दिवसांत हिंगोलीत एक पत्रक वाटलं जाऊ लागलं. 'घरबसल्या पदवी! इंटरनेटवर! विज्ञानासह सर्व शाखा! कॉलेजला जाण्याची गरज नाही!' कुठल्याशा लांबच्या शहरातली संस्था होती आणि तिचं नाव इतकं लांब होतं की पाकिटावर ते एका ओळीत मावलं नसतं. ते पत्रक दाजींच्या हाती पडलं आणि वर्षानुवर्षं नुसता धुमसणारा त्यांचा विचार पेटला. पोरगी नजरेसमोर राहील. जीप नको, परगाव नको, मामाच्या दोन खोल्यांत अडचण नको. आणि मला वाटतं, त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण पोरीच्या शेजारी बसून आपणही शिकावं असं त्यांच्या मनात आलं असावं. कॉम्प्युटरसमोर काका कोण म्हणतंय!

मी त्यांना आणि रेणूला बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत घेऊन गेलो. तिथला चालक म्हणाला, "चाचा, सर्व्हर डाऊन है." दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "खाली गेला म्हंजे वर कवा यील?" तो वर यायला दोन तास लागले, मधे एकदा लाईटही गेली. शेवटी पडद्यावर एक भली मोठी इमारत उमटली, पुढे हिरवळ, कारंजी, झाडं. दाजींनी चष्मा लावून ते चित्र असं पाहिलं की जणू त्यांना तिथे टपाल टाकायचंय. मग म्हणाले, "मास्तर, ह्या झाडाला एकबी वाळकं पान न्हाई." थोड्या वेळाने म्हणाले, "आन् एवढ्या मोठ्या इमारतीला पोस्टाची पेटी न्हाई. काहून?" मी इतका हसलो की शेजारचा कॉम्प्युटरवर पत्ते खेळणारा पोरगा वळून पाहायला लागला.

रेणूने एकच प्रश्न विचारला. "प्रॅक्टिकल कसं करायचं?" चालकाने एक चौकट उघडून दाखवली. तिच्यात एक परीक्षानळी हलली, रंग बदलला, खाली लिहून आलं, 'अभिनंदन.' रेणू म्हणाली, "झालं?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मामा, ह्याला वास न्हाई. मला कॉलेजातच जायचंय. तुमी भरा ना माजा फॉर्म. आण्णांचं ठरतच न्हाई."

मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, "भरू की. दाजींना एकदा विचारून सांगतो."

दाजींनी गावी जाऊन त्या संस्थेला पत्र लिहिलं. अकरा प्रश्न होते. संस्था कोणत्या कायद्याने स्थापन झाली, परीक्षा कोण घेतो, निकालपत्रावर सही कोणाची असते, प्रयोगाचा वास विद्यार्थ्यास कसा मिळावा, आणि इमारतीत टपाल नेमकं कोणत्या दारी द्यावं. पत्र रजिस्टर, सोबत पोचपावती. मी फोन केला की उत्तर एकच. "पोच येऊ द्या, मग ठरवू." आक्का मागून ओरडायची, "अवो, तवर कॉलेज काय थांबतंय का?" दाजी म्हणायचे, "आंधळ्यासारखं लेकरू कुठंबी ढकलायचं का मग?" प्रवेशाची पहिली मुदत गेली. उशिराच्या अर्जांची मुदत लागली. पोच आली नव्हती.

उशिराच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता, त्या दिवशी मी रजा टाकून, खणातला अर्ज पिशवीत घालून, मोटारसायकलीवर गावी गेलो. रेणू तयारच होती. मार्कमेमो, दाखला, फोटो, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती चौकटीत उभी होती. दाजी टेबलाशी बसले होते. म्हणाले, "आज बावीस दिवस झाले. आजच्या थैलीत यायलाच पायजे. अकराची गाडी हाय. तेवढी येऊ द्या, मग नेऊ पोरीला. तुमच्या मोटारसायकलीला काय, दीड घंटा."

अकराची गाडी आली नाही. बारा वाजता कोणीतरी सांगितलं की ती शिरड शहापूरच्या अलीकडे पंक्चर होऊन उभी आहे. आक्काने जेवायला वाढलं. मी जेवलो. एक वाजता मी म्हणालो, "दाजी, निघतो आमी." ते म्हणाले, "येईलच आता, मास्तर. आजवर कोणत्याबी माणसाचा अर्ज मी चौकशी केल्याबिगर टाकला न्हाई. माजी स्वतःची लेक हाय ही." त्यांच्या कपाळाला घाम आला होता. आणि मी काय केलं, तर मी बसलो. दाजींनी वजनकाट्याच्या पारड्यात ते पत्रक ठेवलं, दुसऱ्या पारड्यात कॉलेजचा अर्ज ठेवला आणि दोन्ही सारखेच भरतात हे मला दाखवलं, तेव्हा मी हसलोसुद्धा. मोटारसायकल दारात उभी होती. किल्ली माझ्या खिशात होती. रेणू तिथेच उभी होती, आणि ती बापाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

गाडी साडेतीनला आली. थैली आणणारा माणूस घामाघूम होऊन ओट्यावर टेकला. दाजींनी सील तोडलं, थैली टेबलावर उलटी केली आणि त्या ढिगातून एक पाकीट उचललं. अक्षर त्यांचंच होतं. पत्त्यावर आडवी रेघ मारून लाल शाईने लिहिलं होतं, 'या पत्त्यावर अशी संस्था नाही. पाठवणाऱ्यास परत.'

"पाहिलं?" दाजी ताडकन उठले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "पाहिलं मास्तर? मी म्हणत नव्हतो? सगळं झूट हाय! पेटी नव्हती त्या इमारतीला! घाई केली असती तर फसलो असतो का न्हाई?" ते बरोबर होते. शंभर टक्के बरोबर होते. त्याच आनंदात ते लेकीकडे वळले, आणि मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

कॉलेजची खिडकी चारला बंद व्हायची. मी उगाच किल्ली काढली, मोटारसायकल चालू केली. रेणू म्हणाली, "राहू द्या, मामा." कागदांची पिशवी तिने कोनाड्यात ठेवली, आत गेली आणि थैली आणणाऱ्या माणसासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. दाजी उभेच होते. पाकीट हातात होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना समजत नव्हतं.

एक वर्ष म्हणजे काही फार नाही, असं आम्ही सगळे म्हणालो. पुढच्या जूनमध्ये पहिल्याच दिवशी अर्ज भरू, मी स्वतः भरतो, असं मी म्हणालो. पण घरी बसलेल्या पोरीकडे गाव वेगळ्या नजरेनं पाहतं. दिवाळीनंतर सेनगावकडून स्थळ आलं. घर चांगलं, पाण्याखालची जमीन, मुलगा शांत. त्यांना आठ दिवसांत उत्तर हवं होतं. आणि इथे दाजींनी त्यांच्या आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. त्यांनी एका दिवसात ठरवलं. वही काढली नाही, कोणाला विचारलं नाही, पत्र लिहिलं नाही, फोनवरूनच हो म्हणाले. मला म्हणाले, "मास्तर, मागच्या टायमाला माज्या विचारानं पोरीचं नुकसान झालं. ह्या टायमाला उशीर करायचा न्हाई." सगळ्या पाव्हण्यांनी त्यांचं कौतुक केलं. दाजी सुधारले म्हणाले.

रेणू तेव्हा ओढणीला हात पुसत आतून आली आणि बापाला म्हणाली, "आण्णा, ह्याची पोच न्हाई का मागवायची?" तिने ते चिडून म्हटलं नव्हतं. मी तिथे होतो, मी ऐकलं. दाजींनी हसल्यासारखं केलं. आणि लग्नाच्या बोलण्यात पोरीच्या मामाने काय बोलायचं असतं, हे मला त्या क्षणी आठवेना.

लग्नानंतर वर्षभराने दाजींनी लेकीच्या नावाने बाहेरून बी. ए. करायचा अर्ज भरला, सरकारमान्य विद्यापीठाचा, सगळे शिक्के तपासून. बाहेरून सायन्स मिळत नव्हतं. पहिला गठ्ठा आला तो त्यांनी पुढे टपालात टाकला नाही. मला फोन केला, "मास्तर, संगं येता का? हे हातात द्यावं म्हणतो." आम्ही एसटीने सेनगावला गेलो. दाजींनी सबंध वाटभर गठ्ठा मांडीवर धरला होता. सोयाबीन काढणीला आलं होतं, रेणूच्या अंगणात पोत्यांची थप्पी लागली होती. तिच्या कडेवर वर्षाच्या आतलं पोर होतं. सासू भली बाई होती. म्हणाली, "शिकू द्या की. आमची कायी तकलीफ न्हाई."

रेणूने आमच्यासमोरच सुतळी सोडली. एकेक पुस्तक काढून खाटेवर ठेवलं. मग म्हणाली, "आण्णा, हा इतिहास हाय."

"व्हय," दाजी म्हणाले.

"हे मराठी. हे समाजशास्त्र."

"व्हय."

दाजी खाली मान घालून सुतळी बोटाभोवती गुंडाळत होते. मग ते म्हणाले, "रेणू, मला माहीत होतं तुला काय पायजे होतं. मला पयल्या दिवशीच माहीत होतं. तरी मी…" रेणूने पोराला खाली ठेवलं, पुस्तकं गोळा केली आणि म्हणाली, "वाचते की मी. इतिहास का वाईट असतो?" पहिल्या वर्षाची परीक्षा तिने दिली, पासही झाली. दुसऱ्या वर्षी दुसरं लेकरू झालं. गठ्ठे येत राहिले. दाजी ते नेऊन देत राहिले, ती घेत राहिली. अभ्यास झाला का, हे मात्र दाजींनी तिला कधी विचारलं नाही.

आता दाजींच्या पोस्टात पत्रं फारशी येत नाहीत. कोणी सल्ला विचारला, की कॉलेजात जाऊ का घरून करू, का ते नवीन नेटवरचं करू, तर ते म्हणतात, "मला न्हाई समजत बाबा त्याच्यातलं." मी मात्र अजून कधीकधी सेनगावला जातो. मागच्या खेपेला रेणू मला सोडायला स्टँडवर आली होती. थोरलं पोर तिच्या बोटाला होतं, तीन वर्षांची मुलगी, हाताला येईल ते नाकाशी नेणारी. बस लागली तेव्हा रेणू म्हणाली, "मामा, तुमच्या शाळेत त्या बाटल्या हायेत का अजून?"

"आहेत की."

"हिला एकदा दाखवायला आणीन म्हणते. नुसतं लांबून."

मी म्हणालो, "लांबून काहून? कवाबी ये. किल्ली माझ्याकडंच असते."

ती हसली. बस हलली. त्याला आता दोन उन्हाळे झाले. प्रत्येक सुट्टी लागायच्या आधी मी प्रयोगशाळा स्वतः झाडून घेतो, बाटल्यांवरची धूळ पुसतो, ज्यांची नावं पुसट झाली असतील त्यांच्यावर नवीन चिठ्ठ्या डकवतो. रेणू अजून आली नाही.